कर्जखत, प्रश्न आणि पुस्तक : शिरूर-दौंडच्या इतिहासातील एक धडा

शाळेच्या ग्रंथालयाचा विषय निघाला म्हणजे बहुधा कपाटे किती, पुस्तके किती आणि वर्षाची तरतूद किती, एवढ्याच गोष्टींची चर्चा होते. पुस्तक मुलाच्या हाती कशासाठी द्यावयाचे, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. मन रमावे म्हणून द्यावे, भाषा सुधारावी म्हणून द्यावे, परीक्षेस उपयोगी पडावे म्हणून द्यावे, ही उत्तरे खोटी नाहीत. पण ती अपुरी आहेत. पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगास वसलेल्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळला, तर या प्रश्नाचे अधिक खोल उत्तर हाती लागते. ते उत्तर कोण्या शिक्षणशास्त्रज्ञाने सांगितलेले नाही. ते या भागातील माणसांनी मोठी किंमत देऊन मिळविलेले आहे.

हा मुलूख पर्जन्यछायेतला. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथवर येईतो बराचसा रिता झालेला असतो. उत्तरेस घोडनदी वाहते. तिच्या काठच्या शिरूर गावाला लोक आजही ‘घोडनदी’ या नावानेच ओळखतात. दक्षिणेस भीमा वाहते, आणि दौंड तिच्या काठी आहे. एकोणिसाव्या शतकात दौंडचा परिसर भीमथडी तालुक्यात मोडत असे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून दौंड हे जंक्शन म्हणून सर्वत्र परिचित झाले. त्याच्या थोडे आधी मात्र हा सारा प्रदेश एका निराळ्याच कारणाने सरकारदरबारी गाजला होता.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, हिंदुस्थानच्या कापसाला विलक्षण भाव आला. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्याच सुमारास जमीनमहसुलाची आकारणी वाढली. कर्ज देणाऱ्याने हात आखडला, आणि घेतलेल्याला ते फेडता येईना. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताचे आयुष्य तीन वर्षांचे ठरविले होते. कुळाच्या रक्षणासाठी केलेला हा कायदा कुळाच्याच गळ्यातील फास झाला. कारण मुदत संपत आली, की मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून सावकार नवे खत लिहवून घेई. मागील व्याज पुढील खतात मुद्दल होई, आणि त्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढे.

हे सारे व्यवहार कागदावर होत, आणि तो कागद बहुधा मोडीत लिहिलेला असे. ज्याच्या नावाने तो लिहिला जाई त्या शेतकऱ्याला त्यातील अक्षरही वाचता येत नसे. लिहिणारा लिही, खालच्या बाजूला नांगराची निशाणी काढली जाई, आणि झाले! त्या निशाणीने त्याची जमीन, बैल, कधी राहते घरसुद्धा बांधले जाई. न्यायालयात गेल्यावर मुनसफ विचारी, ‘ही निशाणी तुझी काय?’ शेतकरी म्हणे, ‘होय.’ मग हुकूमनाम्यास वेळ लागत नसे. खतात काय लिहिले आहे, मुळात किती रुपये हाती आले होते, त्यांतील किती फिटले, हे विचारण्याची सोय नव्हती. आणि विचारण्याचे धैर्य व साधन कुणबी माणसापाशी नव्हते.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध काळूराम नावाच्या सावकाराने हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे घर पाडविले. गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला, आणि त्या बहिष्काराचे लोण आसपासच्या गावांत पसरले. पुढे १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यात तेव्हा असलेल्या आणि आता बारामती तालुक्यात मोडणाऱ्या सुपे या गावी, बाजाराच्या दिवशी जमाव उसळला. पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गावे या दंग्यांच्या तडाख्यात सापडली. या दंग्यांचे एक वैशिष्ट्य पुढे सरकारी चौकशीतही नोंदले गेले : जमावाला मुख्यतः पैसा नको होता, धान्य नको होते, त्याला कागद हवे होते. कर्जखते, हुकूमनामे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली गेली. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने स्वाधीन केले, तेथे बहुधा दंगा तेवढ्यावरच थांबला.

ज्याला कागद वाचता येत नाही आणि ज्याला कागदाला प्रश्न विचारता येत नाही, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात : कागदापुढे मान तुकवावी किंवा कागद जाळावा. १८७५ च्या उन्हाळ्यात या भागातील शेतकऱ्यांनी दुसरा मार्ग पत्करला. पण कागद जाळल्याने कागदाची सत्ता जळत नाही. सरकारने आयोग नेमला, आणि अखेरीस १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. त्यातील दोन तरतुदी येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. शेतकऱ्याचे खत गावासाठी नेमलेल्या रजिस्ट्रारासमोर लिहिले जावे, ही एक. आणि न्यायाधीशाने नुसत्या खतावर न थांबता खताच्या मागे जावे, व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, ही दुसरी. लिहिलेले म्हणून ते खरे मानू नये, ते कसे लिहिले गेले हे विचारावे, हा दंडक प्रथम न्यायालयाला शिकवावा लागला. शाळेला तो शिकविण्याचे काम मात्र राहूनच गेले.

त्या काळच्या शाळेचे स्वरूप पाहिले म्हणजे हे ध्यानी येते. पंतोजींच्या जुन्या शाळेत धूळपाटीवर अक्षर घोटावयाचे, पावकी-निमकी तोंडपाठ करावयाची आणि सायंकाळी उजळणी म्हणावयाची. तिचे गुण होते. हिशेब तोंडी करण्यात त्या शाळेतील मुलगा हार जात नसे. सरकारी शाळा आल्या, क्रमिक पुस्तके आली, वर्ग आणि परीक्षा आल्या. परंतु पाठांतराचे राज्य कायम राहिले. डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्यांना खेड्यांत ‘दिपोटी’ म्हणत, ते तपासणीस येत. त्यांनी विचारावयाचे आणि मुलांनी नेमलेले उत्तर द्यावयाचे, असा परिपाठ होता. खासगी शाळांचे अनुदानही पुष्कळ काळ परीक्षेच्या निकालावर ठरे. प्रश्न विचारण्याचा अधिकार वरच्याचा आणि उत्तर देण्याचे कर्तव्य खालच्याचे, ही वाटणी इतकी पक्की होती, की मुलाने प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा ठरे. वास्तविक गीतेने ज्ञान मिळविण्याच्या साधनांत ‘परिप्रश्ना’ला मान दिला आहे आणि वेदान्ताच्या सूत्रांचा आरंभच ‘जिज्ञासे’ने झाला आहे, परंतु शाळेच्या ओसरीवर या शब्दांना जागा मिळाली नाही.

ही उणीव ज्यांनी अचूक हेरली, त्यांत महात्मा जोतीराव फुले हे अग्रगण्य होत. १८७३ साली त्यांनी स्थापिलेल्या समाजाचे नावच ‘सत्यशोधक’ असे आहे. सत्य आयते स्वीकारावयाचे नसून शोधावयाचे असते, हे त्या एका शब्दात आले. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे असावे अशी मागणी केली. खेड्यांतील शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी बालबोधीबरोबर मोडीचे वाचन-लेखन आणि हिशेब यांना स्थान दिले, आणि शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचाही समावेश केला. मोडी कशासाठी, हे कर्ड्याच्या व सुप्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच आयोगापुढे १८८२ साली पुण्यात आणखी एक साक्ष झाली, ती पंडिता रमाबाईंची. शिक्षणाच्या इतिहासात दौंड तालुक्याचे नाव त्यांच्यामुळेच कोरले गेले आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई पाठांतराच्या परंपरेत वाढल्या. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येला लहानपणीच सहस्रावधी श्लोक मुखोद्गत होते; गावोगाव पुराण सांगून त्या कुटुंबाचा निर्वाह चाले. दुष्काळात आईबाप गेले. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पाठांतराचे एवढे वैभव जिच्यापाशी होते, तिनेच पुढे नुसत्या पाठांतरावर विसंबणारी शिक्षणपद्धती सोडून दिली, ही घटना विचार करण्याजोगी आहे.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहणे हे तात्कालिक निमित्त होते; परंतु तेथील मुक्कामात त्यांनी फ्रेबेल या जर्मन शिक्षकाच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. या पद्धतीत मूल प्रथम चेंडू, घन, नळा अशा वस्तू हाताळते, त्यांतील साम्य आणि भेद स्वतः पाहते, आणि नाव मागून शिकते. आपल्याकडे ज्याला ‘वस्तुपाठ’ म्हणतात त्याचेच हे बालरूप. स्त्रियांच्या उन्नतीसाठी स्वावलंबन, शिक्षण आणि स्वदेशी स्त्रीशिक्षिका या तीन गोष्टी हव्यात, असे त्यांनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडले. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास आले. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ साली मोठे वादळ उठले आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. तो वाद इतिहासाचा भाग आहे आणि त्यात दोन्ही बाजूंस वजनदार माणसे होती. येथे मात्र त्यांच्या शिक्षणकार्याचाच विचार करावयाचा आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व स्त्रिया आणल्या आणि त्यांना दौंड तालुक्यातील केडगाव येथे, लोहमार्गाच्या जवळ घेतलेल्या जमिनीवर आश्रय दिला. १८९८ साली तेथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. ज्यांना पाटी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, अशा मुलींची ती वसाहत होती. तेथे शेत होते, विहीर होती, माग होते, गोठा होता. बालोद्यानाचा वर्ग होता, शाळा होती. अंध मुलींना ठिपक्यांच्या लिपीत वाचावयास शिकविले जात होते. आणि विशेष म्हणजे, तेथे स्वतःचा छापखाना होता. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, पाने दुमडणे, बांधणी करणे ही कामे तेथील स्त्रियाच करीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते याच छापखान्यासाठी. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांचा देहान्त झाला. दुष्काळात अन्नासाठी दारोदार फिरलेली मुलगी काही वर्षांत ग्रंथाची पाने जुळवू लागली, म्हणजे कागदापुढे मान तुकविणारा वर्ग कागद घडविणारा झाला. सुप्याच्या होळीनंतर अवघ्या पाव शतकात, त्याच जुन्या भीमथडीच्या मुलखात हे घडले.

योगायोग असा, की याच सुमारास अमेरिकेत जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने १८९६ साली शिकागो येथे एक प्रायोगिक शाळा काढली. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत आदर्श शाळेचा एक नकाशा आहे. त्यात चार बाजूंस कारखाना, विणकामाची खोली, स्वयंपाकघर आणि भोजनगृह आहे. आणि मध्यभागी आहे ग्रंथालय. मुलाने मागावर किंवा चुलीपाशी काम करावे, काम करताना त्याला अडचण पडावी, अडचणीतून प्रश्न निघावा, आणि तो प्रश्न घेऊन त्याने मधल्या दालनात यावे, हा त्या नकाशाचा अर्थ. ग्रंथालय शाळेच्या कोपऱ्यातील भूषण नव्हे. सगळ्या वाटा जेथे मिळतात तो चौक होय. केडगावच्या वसाहतीची प्रेरणा निराळी आणि ध्येयही निराळे. तरीही हाताचे काम, डोळ्यांचे निरीक्षण आणि छापील अक्षर यांचा मेळ घालण्याची दृष्टी दोन्हीकडे एकच होती. पुढे याच ड्यूईंचे शिष्यत्व कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. १९२४ साली त्यांनी स्थापिलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालये आणि अभ्यासमंडळे यांचा समावेश होता, ही गोष्ट सहज घडलेली नाही.

महाराष्ट्राबाहेर एका मराठी राजाने हाच विचार राज्यव्यापी केला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. वाचावयास शिकविले आणि वाचावयास काही दिले नाही, तर शिकलेले अक्षर दोन-चार वर्षांत पुसून जाते, हे त्यांनी जाणले होते. मुंबई प्रांतात फैजी समिती १९३९ साली नेमली गेली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. शाळेपुरते बोलावयाचे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट सांगितले आहे. कायद्याने कपाट मिळते. त्याची किल्ली मात्र प्रश्नाच्या हाती असते.

प्रश्नाने ज्ञान कसे उभे राहते, याचा उत्तम दाखला शिरूर तालुक्यातच आहे. घोडनदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या कालखंडातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. तरीही ते काय पेरीत, काय खात, कसे राहत, हे आज पुष्कळसे सांगता येते. कारण संशोधकांनी जळक्या दाण्याला, हाडाला, चुलीच्या राखेला आणि खापराला प्रश्न विचारले. जळके दाणे पाहून कळले, की सातू हे त्यांचे मुख्य पीक होते. घरांच्या जमिनीखाली मृतांना पुरलेले आढळले; लहान मुलांसाठी तोंडाला तोंड लावून ठेवलेली दोन रांजणे, आणि प्रौढांच्या सांगाड्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. एक मोठे, अनेक खोल्यांचे घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार निघाले. ते वस्तीच्या प्रमुखाचे असावे असा तर्क झाला. नदीचे पाणी वळविण्यासाठी खोदलेला पाट आणि बांधही सापडला. शेवटच्या काळात प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती उणावली, शिकार वाढली. पाऊस कमी होत गेल्यामुळे ही उतरती कळा लागली, असा ढवळीकरांचा निष्कर्ष आहे.

हा वृत्तान्त शिरूर किंवा दौंडच्या शाळेतील मुलाला दोन प्रकारे सांगता येईल. ‘इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन अवशेष सापडले’ हे वाक्य फळ्यावर लिहून त्याच्याकडून पाठ करून घेता येईल. त्याला एक गुण मिळेल आणि परीक्षा संपताच वाक्य विसरले जाईल. अर्थ न कळता पाठ केलेले उत्तर आणि अर्थ न कळता केलेली नांगराची निशाणी, यांत तत्त्वतः फरक नाही. दोहोंत माणूस दुसऱ्याच्या शब्दाखाली आपली सही करतो. दुसरा प्रकार असा : मुलांना नदीकाठी न्यावे, पांढरीची माती आणि शेताची काळी माती शेजारी ठेवून पाहू द्यावी, आणि ‘हे कसे कळले?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघू द्यावा. सापडलेले खापर जेथल्या तेथे ठेवावे, हेही तेव्हाच शिकवावे. मग शाळेत परतल्यावर त्या प्रश्नाचे उत्तर देणारा ग्रंथ कपाटात असला पाहिजे. प्रश्न जागा झाला आणि पुस्तक नसले, तर जिज्ञासा कोमेजते. पुस्तक असले आणि प्रश्न नसला, तर त्याला कसर लागते.

यासाठी या दोन तालुक्यांतील शाळांच्या कपाटांत काही ग्रंथ अगत्याने असावयास हवेत. १८८५ साली तीन भागांत निघालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर, दख्खनच्या दंग्यांविषयीचा आयोगाचा अहवाल, फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त आणि इनामगावच्या उत्खननाचा वृत्तान्त ही त्यांतील ठळक नावे. यांतील जे इंग्रजीत आहेत त्यांचे सुबोध मराठी सार मुलांसाठी व्हावे. त्यांच्या जोडीला मुलांनी स्वतः गावात हिंडून, वडीलधाऱ्यांस विचारून, विहिरींची, पिकांची, जुन्या नावांची टिपणे करावीत आणि ती वहीही त्याच कपाटात ठेवावी. केडगावच्या छापखान्याचा धडा हाच आहे : वाचणाराने एक दिवस लिहिणाराही व्हावयाचे असते.

मात्र ग्रंथ हाती आला म्हणजे शोध संपला, असे मुलाने समजू नये. आयोगाच्या अहवालाचेच पाहा. त्याने दंग्यांचा दोष मुख्यतः सावकाराच्या माथी मारला आणि सरकारी महसुलाला बरेचसे मोकळे सोडले. अहवाल लिहिणारे कोणाचे नोकर होते? शेतकऱ्याची साक्ष कोणी, कोणत्या भाषेत टिपून घेतली? इनामगावचे मोठे घर प्रमुखाचेच कशावरून? असे विचारणे म्हणजे ग्रंथाचा अनादर नव्हे. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाण्यास सांगितले. चांगली शाळा मुलाला पुस्तकाच्या मागे जावयास शिकविते.

कर्ड्याच्या आणि सुप्याच्या शेतकऱ्यांजवळ प्रश्न होता, पण तो विचारण्याचे साधन नव्हते. म्हणून त्यांनी कागद जाळले. त्यांच्या पणतवांच्या मुलांजवळ आज अक्षर आहे, शाळा आहे, कायद्याने दिलेले ग्रंथालयही आहे. पुस्तक हरवेल किंवा मळेल या भीतीने ते कपाट कुलूपबंद राहिले, तर त्या दुबळ्या नांगराच्या निशाणीचे ऋण फिटले असे म्हणता येणार नाही. पाने मळलेली, कडा दुमडलेली आणि मुलांच्या हातांनी जीर्ण झालेली चार पुस्तके ज्या शाळेत सापडतील, त्या शाळेत ते ऋण फिटू लागले आहे, असे खुशाल समजावे.